पाळणे मोजणारे पंचायतराज
दोन अपत्यांच्या अटीमागील वर्गस्वार्थ

जबलपूर जिल्ह्यात, मंडला-डिंडोरीच्या गोंड मुलुखाला लागून, कुंडम हा आदिवासीबहुल तालुका आहे. हिरन नदी याच भागात उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. डोंगरउतारावर कोदो-कुटकी पेरायची, मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायचा, आणि ते संपले की जबलपूर शहरात मजुरी शोधायची, हा इथल्या गरीब कुटुंबांचा वर्षाचा क्रम. या मुलुखात सत्ताधाऱ्यांना एक नाव फार प्रिय आहे : राणी दुर्गावती. जबलपूरच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी खुद्द पंतप्रधानांनी जबलपुरात येऊन तिच्या भव्य स्मारकाची पायाभरणी केली. ही राणी कोण होती? १५५० च्या सुमारास तिचा पती दलपतशाह वारला तेव्हा तिचा मुलगा वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा होता. ते मूल वाढवीत तिने गढ्याचे राज्य सुमारे चौदा वर्षे चालविले आणि १५६४ साली अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी, लढताना देह ठेवला. लहान लेकराची आई कारभार करू शकते, हे या मातीला कोणत्याही सरकारी परिपत्रकाने शिकविण्याची गरज नव्हती.

परंतु पुतळ्यांना हार घालणे वेगळे आणि जिवंत बाईला पंचायतीत बसू देणे वेगळे. याच कुंडममध्ये, आणि साऱ्या मध्य प्रदेशात, २६ जानेवारी २००१ पासून एक फर्मान लागू झाले. ज्याला किंवा जिला दोनपेक्षा अधिक मुले हयात आहेत आणि त्यांतले एकही या तारखेला किंवा त्यानंतर जन्मले आहे, ती व्यक्ती पंच, सरपंच, जनपद सदस्य वा जिल्हा पंचायत सदस्य होण्यास अपात्र. निवडून आलेली असेल तर पदावरून दूर. १९९३ च्या पंचायतराज कायद्याच्या कलम ३६ मध्ये ही दुरुस्ती करण्यात आली आणि त्यासाठी तारीख निवडली गेली ती प्रजासत्ताकदिनाची! प्रजेची सत्ता ज्या दिवशी साजरी करायची, त्याच दिवसापासून प्रजेला सत्तेबाहेर काढायला सुरुवात. अशी तारीख निवडणाऱ्यांना त्यातला विनोद कळला नसावा.

(राणी दुर्गावतीला एकच पुत्र होता. तेव्हा कलम ३६ च्या तावडीतून ती सुटली असती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.)

‘जीवित’ या शब्दाचा अर्थ

कायद्याच्या हिंदी मसुद्यात ‘दो से अधिक जीवित संतान’ असे शब्द आहेत. त्यांतल्या ‘जीवित’ या एका विशेषणापाशी थांबले पाहिजे. केरळमध्ये किंवा मुंबईच्या मलबार हिलवर हे विशेषण केवळ वकिली काटेकोरपणाचे वाटेल. कुंडममध्ये ते तसे नाही. १९९८–९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेव्हाच्या अविभक्त मध्य प्रदेशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १३८ मुले वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधीच दगावत होती. म्हणजे दर सात मुलांमागे जवळजवळ एक. आदिवासींत हे प्रमाण सरासरीहून जास्त असते. २००५–०६ च्या पाहणीत देशातील एकूण प्रमाण हजारी ७४ असताना अनुसूचित जमातींत ते ९६ होते.

अशा ठिकाणी ‘जीवित संतान’ मोजणारा कायदा काय सांगतो? जिने चार मुलांना जन्म दिला आणि त्यांतली दोन तापाने, अतिसाराने, उपासमारीने गमावली, ती निवडणुकीस पात्र. जिने तीन मुलांना जन्म दिला आणि तिन्ही जगविली, ती अपात्र. सरकारी दवाखाना गावापासून कोसभर लांब, पावसाळ्यात रस्ता बंद, आणि तरीही एका आईने तिन्ही लेकरे जगविली, तर राज्याने तिचा सत्कार करावा की तिची उमेदवारी बाद करावी? ज्या राज्ययंत्रणेला मुले जगविता येत नव्हती, तिने मुले जगविणाऱ्या आईलाच गुन्हेगार ठरविले. आणि बालमृत्यू जिथे जास्त तिथे मुलेही जास्त होतात, कारण म्हातारपणी एक तरी हात धरणारा उरावा ही आईबापांची साधी इच्छा असते. ही गोष्ट लोकसंख्याशास्त्राचा पहिला धडा वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. कायदा करणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान करणे होईल.

तरुणांना दार उघडले आणि लगेच लावले

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. तिने पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या, दलित-आदिवासींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. विधानसभेसाठी किमान वय २५ असले तरी पंचायतीसाठी २१ वर्षांचा माणूस उभा राहू शकेल, असे अनुच्छेद २४३-फ ने ठरविले. याचा हेतू उघड होता : तरुण पिढी, विशेषतः तरुण स्त्री, कारभारात यावी. या दुरुस्तीनंतर देशात सर्वांत आधी, १९९४ साली, पंचायत निवडणुका घेण्याचा मान मध्य प्रदेशने मिळविला आणि त्याचा डंकाही भरपूर वाजविला.

आता खेड्यातील एकवीस ते पस्तीस वयाची स्त्री म्हणजे कोण? तिचे लग्न झालेले आहे, कडेवर मूल आहे, दुसरे पदराला धरून चालते आहे. घटनेने जिच्यासाठी दार उघडले ती नेमकी हीच स्त्री. आणि २००१ च्या अटीने जिच्या तोंडावर ते लावले तीही हीच. उलट गावच्या मालगुजाराच्या घरातील साठीचा म्हातारा पाहा. त्याला सहा मुले असोत, आठ असोत. ती सारी २००१ पूर्वीच जन्मलेली. तो पूर्णपणे पात्र! लोकसंख्येची वाढ त्याने केली आणि शिक्षा त्याच्या शेतावर राबणाऱ्या सालदाराच्या सुनेला. कायद्याला मुलांची संख्या कमी करावयाची असती तर त्याने आधी सहा मुलांच्या बापाला जाब विचारला असता. त्याने तारीख आखून जुन्यांना अभय दिले आणि नव्यांना रोखले. वर्गीय पक्षपात याहून स्पष्ट कसा दिसावा?

ज्या स्त्रीला या अटीने अपात्र ठरविले, तिला मुलांची संख्या ठरविण्याचा अधिकार तरी कुणी दिला होता? लग्न कोणत्या वयात व्हावे, पहिले मूल केव्हा, मुलगा होईपर्यंत थांबायचे की नाही, यांपैकी एकही निर्णय तिचा नसतो. नसबंदीचा भार मात्र तिचाच : २०१९–२१ च्या पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष-नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. ती शस्त्रक्रियाही कशी होते ते नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिराने साऱ्या देशाला दाखविले. एका बंद पडलेल्या इस्पितळात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि किमान १३ जणी मेल्या. बिलासपूर २००० सालापर्यंत मध्य प्रदेशातच होते.

नोंदवही झाली हत्यार

अशी अट गावात प्रत्यक्ष कशी राबते? वरून पाहणाऱ्याला वाटते, एक प्रतिज्ञापत्र भरायचे आणि संपले. खाली वेगळेच घडते. राखीव जागेवर एखादी गोंड किंवा चर्मकार स्त्री सरपंच होते. पहिले वर्षभर ती सही करते आणि कारभार जुनेच लोक पाहतात. त्यांची हरकत नसते. दुसऱ्या वर्षी ती रोजगाराच्या कामाचे हजेरीपत्रक स्वतः तपासू लागते, रेशनच्या धान्याचा हिशेब मागते, सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणाचा ठराव मांडते. मग जिल्हा कचेरीत तक्रार दाखल होते. तक्रारीसोबत पुरावा म्हणून अंगणवाडीच्या नोंदवहीची, लसीकरणाच्या पानाची किंवा शाळेच्या दाखल्याची नक्कल जोडलेली असते. बाळाला सकस आहार मिळावा म्हणून ज्या वहीत त्याचे नाव घातले, तीच वही आईच्या विरुद्ध साक्षीला उभी राहते.

याचा परिणाम काय होणार? गर्भवती स्त्री नोंदणीला जात नाही. बाळंतपण माहेरी, गुपचूप होते. मुलाचे नाव दिराच्या शिधापत्रिकेवर चढते. लसीकरणाच्या दिवशी घराचे दार बंद असते. कुटुंबनियोजनाच्या नावाने आणलेला कायदा माता-बालआरोग्याच्या साऱ्या व्यवस्थेलाच सुरुंग लावतो.

हे कुण्या पक्षकार्यकर्त्याचे आरोप आहेत असे म्हणून ते झटकता येणार नाहीत. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी भोपाळच्या महिला चेतना मंचामार्फत आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला. २००५–०६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्य प्रशासनात घालविलेल्या या बाईंना काय आढळले? अपात्र ठरलेल्यांत तरुण, दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय यांचा भरणा होता. पद वाचविण्यासाठी पुरुषांनी बायकांना टाकले, पोटच्या मुलाचे पितृत्व नाकारले. मुले दुसऱ्यांना दत्तक दिली गेली. गर्भपात झाले, मुलगा की मुलगी हे पाहून झाले. पुरुषाला तिसरे मूल ‘माझे नव्हे’ असे म्हणण्याची तरी सोय आहे. जिच्या उदरातून ते आले तिने काय म्हणावे?

न्यायासनाचा उपदेश

हरियाणातील अपात्र ठरलेल्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ३० जुलै २००३ रोजी जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्याचा निकाल लागला आणि अट वैध ठरली. निवडणूक लढविणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून कायदा त्यावर अटी घालू शकतो. लोकप्रतिनिधीने लोकांपुढे आदर्श ठेवावा. आणि स्त्रिया आता इतक्या असहाय राहिलेल्या नाहीत की मुलांच्या संख्येबाबत त्यांचे काही चालू नये, असा एकूण युक्तिवादाचा सूर होता. या शेवटच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणता येईल की, खाटेवर पडून दिवस मोजणाऱ्या बाळंतिणीची साक्ष न्यायालयात झाली नव्हती.

पुढे २०१८ मध्ये ओडिशातील नुआपाडा जिल्ह्यातील एका आदिवासी सरपंचाचे प्रकरण त्याच न्यायालयासमोर आले. एक मूल दत्तक दिले असल्याने कुटुंबात दोनच मुले उरली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले : मूल दत्तक दिले तरी जन्मदात्यांच्या खात्यावरील संख्या कमी होत नाही. कायद्याच्या भाषेत हे बिनचूक असेल. परंतु सरपंचपद टिकविण्यासाठी पोटचे मूल दुसऱ्याच्या ओटीत घातल्याचा युक्तिवाद एका बापाला देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे करावा लागतो, हे दृश्य कोणत्या सुसंस्कृत प्रजासत्ताकाला भूषणावह आहे?

अटी एकदा घालायला लागले की त्या थांबत नाहीत. २०१४ च्या अखेरीस राजस्थानने, २०१५ मध्ये हरियाणाने पंचायत उमेदवारांना शाळेच्या इयत्तेची अट घातली. ज्यांना राज्याने शाळा दिली नाही त्यांनाच राज्याने अडाणी म्हणून बाद केले. हरियाणाची ती अटही डिसेंबर २०१५ मध्ये वैध ठरली. मुले मोजा, इयत्ता मोजा, शौचालय मोजा. फक्त जमीन मोजू नका!

आकडे काय सांगतात

अट घालणाऱ्यांचा एकमेव बचाव असा की, तिच्यामुळे लोकसंख्या आटोक्यात येते. तेव्हा सरकारच्याच पाहण्या उघडून पाहाव्यात. मध्य प्रदेशात दर स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १९९८–९९ मध्ये ३.३ होते. अट आली, पाच वर्षे राहिली. २००५–०६ मध्ये हे प्रमाण ३.१ होते. २००५ मध्येच विधानसभेने अट रद्द केली. त्यानंतर प्रमाण वाढायला हवे होते. ते २०१५–१६ मध्ये २.३ वर आणि २०१९–२१ मध्ये २.० वर आले. (पहिला आकडा छत्तीसगडसह आहे, हे ध्यानात ठेवूनही चित्र बदलत नाही.) अट असताना उतार रेंगाळला आणि अट गेल्यावर वेगाने झाला. अट गेली म्हणून उतार आला असे कुणी म्हणणार नाही. परंतु अटीमुळे उतार येतो असे म्हणण्यास तिळमात्र आधार उरत नाही.

दुसरी तुलना याहून बोलकी आहे. महाराष्ट्रात पंचायतीसाठी दोन अपत्यांची अट आहे. २०१९–२१ मध्ये प्रमाण १.७. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून पंचायतींच्या निवडणुका नियमित होत आल्या, तिथे अशी अट नाही, प्रमाण १.६. केरळमध्ये अट नाही, १.८. तमिळनाडूत नाही, १.८. मुली शाळेत गेल्या, बाळंतपणात दाई-डॉक्टर मिळाले, जन्मलेले मूल जगेल याची शाश्वती आली, की कुटुंबे आपोआप लहान होतात. १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत भारताचे मंत्री करणसिंग यांनीच विकास हे सर्वोत्तम संततिनियमन असल्याचे जगाला सांगितले होते. दोनच वर्षांनी, १९७६–७७ मध्ये, त्यांच्याच सरकारने एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या करविल्या आणि १९७७ च्या मतपेटीत त्याचे उत्तर मिळविले. जबरदस्तीचा तो इतिहास बदनाम झाल्यावर तिने वेष पालटला. पोलीस व्हॅनऐवजी अपात्रतेचे कलम आले.

इथे विरोधकांच्या भात्यातील एक बाण ठरलेला असतो : तुमच्या चीनने काय केले? उत्तर टाळण्याचे कारण नाही. चीनने १९८० च्या सुमारास एका अपत्याचे धोरण सक्तीने राबविले, त्यात स्त्रियांनी फार सोसले, आणि ते धोरण चुकले हे चीनच्या पक्षालाच मान्य करावे लागले. २०१६ पासून दोन, तर २०२१ पासून तीन अपत्यांची मुभा देण्यात आली. तेथील जननप्रमाणातील मोठी घट त्या सक्तीच्या आधीच, १९७० च्या दशकात झाली होती. अनवाणी डॉक्टर, गावोगावचे दवाखाने आणि मुलींच्या शाळा यांच्या बळावर. चुकीला चूक म्हणणे मार्क्सवाद्यांना जड जाऊ नये. ज्यांना चीनचे दवाखाने घ्यावेसे वाटत नाहीत आणि सक्ती तेवढी घ्यावीशी वाटते, त्यांच्या निवडीवरूनच त्यांची ओळख पटते.

आणि महाराष्ट्रात तर संततिनियमनाची परंपरा परकी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, कोर्टकचेऱ्या सोसल्या. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. पण त्यांची मागणी काय होती? स्त्रीला साधन मिळावे, माहिती मिळावी, तिच्या देहावर तिची मालकी असावी. साधन मागणारा समाजसुधारक आणि शिक्षा ठोठावणारा कायदा यांना एका रांगेत बसविणे हा कर्व्यांचा अपमान आहे.

वरच्या सभागृहाला कोणी मोजत नाही

दोन अपत्यांचा ‘आदर्श’ जर इतका पवित्र आहे, तर तो आमदार-खासदारांना का लागू नाही? ही सूचना मुळात नव्वदच्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय विकास परिषदेच्या करुणाकरन समितीकडून आली, आणि ती सर्व स्तरांच्या लोकप्रतिनिधींसाठी होती. १९९२ मध्ये ७९ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत मांडलेही गेले, ज्यात खासदार-आमदारांना ही अट घालण्याची तरतूद होती. ते कधीच मंजूर झाले नाही. पंचायतींच्या बाबतीत मात्र राज्यामागून राज्याने तत्परता दाखविली. मुख्यमंत्र्याला कितीही मुले असोत, पंचाला तिसरे नको!

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. छायाचित्रे निघाली, कौतुक झाले, विधानभवनात हिरकणी कक्ष उघडण्यात आला. हे योग्यच झाले. निवडून आलेल्या आईला सभागृहात आपल्या बाळासह येता आले पाहिजे. केरळमध्ये २०२० साली एकविसाव्या वर्षी तिरुअनंतपुरमच्या महापौर झालेल्या आर्या राजेंद्रन २०२३ मध्ये महिन्याभराच्या बाळाला कुशीत घेऊन फायली तपासताना दिसल्या, तेव्हा काही शिष्टांनी नाके मुरडली. पण त्यांचे पद कुणी हिरावू शकले नाही, कारण तेथील कायदा पाळणे मोजत नाही. मूल वाढविणे आणि कारभार पाहणे यांत विरोध निर्माण होतो तो व्यवस्था नसल्यामुळे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने खडी फोडण्याच्या कामावरही सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. ग्रामपंचायतीच्या सभेसाठी, तालुक्याच्या ठिकाणी दिवसदिवस ताटकळणाऱ्या सरपंचबाईसाठी, अशी तरतूद कुणाला सुचली? हिरकणी कडा उतरून आपल्या तान्ह्याकडे गेली, त्या कड्याला आज तिचे नाव आहे. आमदार हिरकणीला कक्ष आणि सरपंच हिरकणीला अपात्रतेची नोटीस, हा महाराष्ट्राचा आजचा न्याय.

तीन हवीत म्हणणारे आणि तीन नकोत म्हणणारे

अलीकडे तर या नाटकाने नवेच वळण घेतले आहे. आंध्र प्रदेशाने तीस वर्षे ही अट चालविली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. स्त्रियांच्या हक्कासाठी नव्हे. तर राज्यात मुले कमी होऊ लागली, म्हणून! मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तर दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढविता यावी, अशा कायद्याची भाषा बोलून गेले. काल दोनपेक्षा जास्त असल्याबद्दल दंड, उद्या कमी असल्याबद्दल दंड. स्त्रीचे गर्भाशय म्हणजे जणू राज्याच्या अर्थसंकल्पातील एक सदर. तूट पडली की वाढवायचे, शिल्लक पडली की छाटायचे.

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलताना संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी समाज टिकायचा तर दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुले हवीत असे सांगितले. त्यांचा उपदेश मानून नागपूर जिल्ह्यातील एखाद्या जोडप्याने तिसरे मूल होऊ दिले, तर त्या दोघांपैकी कुणालाही ग्रामपंचायतीच्या सदस्यपदासाठी अर्ज भरता येणार नाही. संघाच्या विचाराचे सरकार राज्यात आहे. त्याने हे कोडे आपल्या आपसात सोडवावे. याच गोटातून २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात दोन अपत्यांच्या कायद्याचा मसुदा आला होता, आणि त्याचा रोख कोणत्या समाजावर होता हे लपून राहिले नव्हते. वास्तविक मुस्लिम स्त्रियांतील प्रमाण १९९२–९३ च्या ४.४ वरून २०१९–२१ मध्ये २.४ पर्यंत, म्हणजे इतर कोणत्याही समाजापेक्षा वेगाने, खाली आले आहे. भीतीचा बुजगावणा उभा करण्यासाठी आकडे लागत नाहीत.

कुंडममधून गडचिरोलीकडे पाहताना

मध्य प्रदेशात ही अट काँग्रेसच्या राजवटीत आली आणि भाजपच्या राजवटीत गेली. हिमाचल प्रदेशानेही २००५ मध्ये ती मागे घेतली. ज्या हरियाणाच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले, त्या हरियाणानेच तीन वर्षांत, २००६ मध्ये, तो गुंडाळला. ज्यांची पदे या काळात गेली त्यांची क्षमा मागावी असे यांपैकी एकाही सरकारला वाटले नाही. पण अट गेली. महिला संघटनांच्या चळवळीने, आरोग्य चळवळीने, २००३ च्या मानवी हक्क आयोगाच्या परिसंवादाने निर्माण केलेल्या दबावाखाली गेली.

महाराष्ट्रात ती शाबूत आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये २००० सालच्या दुरुस्तीने ती आली. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महानगरपालिका या साऱ्यांच्या कायद्यांत ती आहे. दुरुस्ती लागू झाल्यापासून एका वर्षानंतर ज्यांच्या घरी तिसरे मूल आले ते बाद. २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत, त्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत होते. कलम १४ लहान अक्षरांत राहते. वर, याच राज्यकर्त्यांनी जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडविल्या आणि प्रशासकांच्या हाती कारभार दिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. ज्यांना निवडणुकाच वेळेवर घेता आल्या नाहीत, ते उमेदवारांची मुले मोजतात.

जबलपूर आणि आजचा गडचिरोली जिल्हा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर होती. राज्ये निराळी झाली, गोंड तोच राहिला. तेच मोहाचे झाड, तोच मलेरिया, तीच कुपोषित बाळे. आज कुंडमच्या तीन मुलांच्या गोंड आईला सरपंचपदाचा अर्ज भरता येतो. कोरची किंवा धानोऱ्याच्या तशाच गोंड आईला येत नाही. धारणीच्या कोरकू आईला येत नाही, अक्कलकुव्याच्या भिल्ल आईलाही नाही. मेळघाटात कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात, मंत्र्यांचे दौरे होतात, समित्या बसतात. आणि त्याच मेळघाटात मुले जगविणाऱ्या आईला पंचायतीबाहेर ठेवणारे कलम दोन दशकांहून अधिक काळ उलटूनही कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

हे कलम काढण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. अनुच्छेद २४३-फ ने अपात्रता ठरविण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. ज्या विधिमंडळाने अट घातली तेच ती काढू शकते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या कायद्यांतील ही अपात्रता रद्द करणारे छोटेसे विधेयक पुरे आहे. त्यासोबत सभेच्या दिवशी पाळणाघराची आणि तान्ह्या मुलाच्या आईला प्रवासखर्चाची तरतूद केली, तर खर्च विधानभवनाच्या एका दिवसाच्या रोषणाईहून अधिक होणार नाही. प्रत्येक पक्षाच्या आमदाराला आपल्या मतदारसंघातील महिला मेळाव्यात हा प्रश्न विचारता येईल : विधेयक येईल तेव्हा आपला हात वर होणार की नाही? आणि उत्तर देताना त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलांची संख्याही सांगावी. त्यांना त्यासाठी अपात्र कुणी ठरविणार नाही.